मीठ संपलंय, आता काय करू? आर भाषेतल्या चुकांची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसं.)

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, मला माहिती आहे. आर नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत चूक झाली की काय होतं, त्याचा इतिहास. पण पाच मिनिटं थांबा. कारण ही गोष्ट खरं तर कोडची नाहीये. काहीतरी बिघडलं, तर पुढे काय करायचं हे ठरवायचं कोणी, याची ती गोष्ट आहे. आणि माझ्याकडून झालेल्या एका चुकीपासून ती सुरू होते.

सात गावं

दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एक काम करत होतो. काही गावांतले लोक दर आठवड्याला आपल्या विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायचे आणि मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये भरायचे. ती माहिती माझ्याकडे यायची. मी आरमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती रविवारी रात्री आपोआप चालायची, गावागावांची सरासरी काढायची, तक्ता बनवायची आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर जायचा.

स्क्रिप्ट चालली की एक वॉर्निंग यायची. शब्दांना अंकांत बदलताना काही ठिकाणी एनए आलं, अशा अर्थाची. एनए म्हणजे आरच्या भाषेत ‘इथे माहिती नाही’. मला वाटलं, कोणीतरी आकड्याच्या जागी ‘माहीत नाही’ लिहिलं असेल. दर आठवड्याला तेच लाल अक्षर बघून कंटाळलो, आणि त्या ओळीभोवती सप्रेसवॉर्निंग्ज गुंडाळून टाकलं. म्हणजे काय, तर ‘तू गप्प बस’. पुढे सरासरी काढताना एनए वगळ असं सांगितलं होतंच. आणि ज्या गावाची सरासरीच निघत नाही, त्याची ओळ तक्त्यातून काढ, असंही मीच लिहिलं होतं. तक्ता कसा स्वच्छ दिसायला हवा ना!

एका सोमवारी एका ताईंचा फोन आला. त्या त्यांच्या गावची नोंद ठेवायच्या. म्हणाल्या, “दादा, आमचं गाव गाळलंत का? तीन आठवडे झाले, यादीत नावच नाही. ग्रामसभेत सगळे मला विचारतात.”

मी म्हटलं, “नाही हो ताई, तुमची माहितीच आली नसेल.”

“अहो, दर बुधवारी भरते मी.”

मग मी मूळ फाइल उघडली. ताईंचे आकडे तिथे होते. व्यवस्थित, एकही आठवडा न चुकता. फक्त ते मराठी अंकांत होते. चार पूर्णांक पाच, सहा, साडेतीन, सगळं देवनागरीत. आणि आरचं शब्दाचा अंक करणारं फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. त्याला ते आकडे वाटतच नाहीत. एकतीस गावांपैकी सात गावं अशी गायब झाली होती.

मी ताईंना सांगितलं, की अंक इंग्रजीत हवे होते. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “फॉर्म मराठीत होता, मी मराठीत भरला.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरने मला सांगितलं होतं. दर रविवारी सांगितलं होतं. त्याचं तोंड मी बंद केलं होतं. तेव्हापासून मला हा प्रश्न लागला, की ही वॉर्निंग नावाची गोष्ट आली कुठून? चूक ही चूक असते. मग ‘चूक आहे पण चालू दे’ असा मधला प्रकार कोणी काढला? शोधत गेलो आणि थेट १९६० च्या दशकात पोचलो.

आचारी आणि यजमान

तिकडे जाण्याआधी एक चित्र डोळ्यासमोर आणा. लग्नघर आहे. मागच्या अंगणात आचारी पाचशे माणसांचं वरण करतोय, आणि मीठ संपलं. आता तो काय काय करू शकतो?

एक, चूल विझवून निघून जाऊ शकतो. ‘मीठ नाही, स्वयंपाक रद्द.’

दोन, काही न बोलता अळणी वरण वाढू शकतो. पंगतीत बसल्यावर कळेलच.

तीन, चूल चालू ठेवून पोराला आत पाठवू शकतो. ‘मालक, मीठ संपलंय. शेजारून आणू, दुकानात पाठवू, की वरण बाजूला ठेवून आधी भात उतरवू?’ आणि यजमान सांगेल तसं, जिथे थांबला होता तिथूनच पुढे काम चालू.

या तिसऱ्या प्रकारात एक बारीक गंमत आहे. मीठ संपलंय हे आचाऱ्याला कळतं, यजमानाला नाही. काय काय करता येईल हेही आचाऱ्यालाच माहीत. पण शेजाऱ्यांशी आपलं भांडण आहे, तिकडून आणायचं नाही, हे फक्त यजमानाला माहीत. एकाला माहिती आहे, दुसऱ्याला निर्णय घ्यायचाय. चुका हाताळण्याचा सगळा इतिहास म्हणजे या दोघांमधला निरोप नीट कसा पोचवायचा, याचा इतिहास आहे.

पीएल-वन: चूक दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न

१९६० च्या दशकाच्या मध्यावर आयबीएमने पीएल-वन नावाची भाषा आणली. विज्ञानाची गणितं आणि धंद्याचे हिशेब, दोन्ही एकाच भाषेत करता यावेत ही कल्पना. तिच्यात ‘ऑन’ नावाची सोय होती. शून्याने भागाकार झाला तर हे कर, फाइल संपली तर ते कर, असं आधीच सांगून ठेवायचं. या घटनांना त्यांनी नाव दिलं कंडिशन. एरर नाही म्हटलं, हे लक्षात घ्या. फाइल संपणं ही काही चूक नाही, ती एक परिस्थिती आहे.

आणि आता माझ्यासाठी सगळ्यात झोंबणारा भाग. पीएल-वनमध्ये कन्व्हर्जन नावाची एक कंडिशन होती. शब्दाचा अंक करताना भलतंच अक्षर सापडलं की ती उठायची. तुमच्या ‘ऑन’च्या तुकड्याला ते नेमकं अक्षर बघता यायचं, बदलता यायचं, आणि बदललं की भाषा तेच रूपांतर पुन्हा करून बघायची. म्हणजे ताईंचा देवनागरी चार तिथे अडला असता, तर मी ‘हा चार आहे रे’ असं सांगू शकलो असतो आणि काम पुढे गेलं असतं. माझ्या जन्माच्या तीस-एक वर्षं आधी हे शक्य होतं, आणि मी काय केलं, तर गप्प बस म्हटलं.

अर्थात पीएल-वनचा हा प्रकार सोपा नव्हता. कुठला ‘ऑन’ कधी लागू आहे याचा माग ठेवणं अवघड जायचं. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी यावर एक निबंध लिहिला, जो आजही वाचला जातो. त्यांनी प्रकार वेगळे केले. काही वेळा काम थांबवायलाच हवं. काही वेळा नुसतं कळवायचं आणि पुढे जायचंच. आणि काही वेळा थांबायचं की पुढे जायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. आर वापरणाऱ्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?

लिस्प मशीन: पर्यायांची यादी

पुढचा थांबा अमेरिकेतली एमआयटी. तिथे मल्टिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बनली, तीही बहुतांशी पीएल-वनमध्ये लिहिलेली. आणि त्याच एमआयटीत १९७० च्या दशकात लिस्प मशीन तयार झालं. फक्त लिस्प ही भाषा चालवण्यासाठी बनवलेला कॉम्प्युटर. ती मशिनं विकायला ज्या कंपन्या निघाल्या त्यातली एक सिम्बॉलिक्स. मोबाइलवर वाढलेल्या आपल्या पिढीसाठी एक गंमत सांगतो. जगातलं पहिलं डॉट कॉम नाव याच कंपनीने घेतलं, १५ मार्च १९८५ ला.

लिस्प मशीनवर काही बिघडलं की प्रोग्राम मरायचा नाही. तो जिथे होता तिथे थांबायचा आणि पडद्यावर पर्यायांची यादी यायची. फाइल सापडली नाही? पुन्हा बघू, दुसरं नाव देता, की सोडून देऊ? म्हणजे आपल्या आचाऱ्याचा तिसरा प्रकार! या पर्यायांना नाव मिळालं रिस्टार्ट.

१९८४ मध्ये कॉमन लिस्पचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा त्यात हे नव्हतं. केंट पिटमन नावाच्या माणसाने ही व्यवस्था नीट मांडली, आणि १९९४ च्या अधिकृत मानकात ती पक्की झाली. तीन पात्रं लक्षात ठेवा. सिग्नल, म्हणजे ‘मीठ संपलं’ अशी हाक. हँडलर, म्हणजे ती हाक ऐकणारा यजमान. आणि रिस्टार्ट, म्हणजे आचाऱ्याने पुढे ठेवलेले पर्याय. तिघे वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असू शकतात. खालच्या कोडने पर्याय द्यायचे, वरच्या कोडने निवडायचे.

इथे एक तांत्रिक मुद्दा, पण सोपा. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं, त्याने तिसऱ्याला, अशी एकावर एक मडकी ठेवावीत तशी उतरंड तयार होते. चूक सगळ्यात वरच्या मडक्यात होते. बहुतेक भाषा काय करतात? आधी उतरंड मोडतात आणि मग खालच्याला विचारतात, ‘आता काय?’ आता काय कप्पाळ! मडकी तर फुटली. लिस्पने क्रम बदलला. आधी विचारायचं, उतरंड शाबूत ठेवून. मोडायची की नाही ते उत्तर आल्यावर.

उलटी बाजूही ऐका

आता तुम्ही म्हणाल, इतकं छान होतं तर जावा, पायथन, सी प्लस प्लस यांनी का नाही घेतलं? त्याला कारण आहे, आणि ते आळसाचं नाही.

सी प्लस प्लसमध्ये चुका कशा हाताळायच्या हे ठरत होतं, तेव्हा हाच वाद रंगला. थांबायचं, की दुरुस्त करून तिथूनच पुढे जायचं? भाषेचे कर्ते ब्यार्न स्ट्रॉउस्ट्रुप यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात हा किस्सा सांगितलाय. १९९१ च्या एका बैठकीत जिम मिचेल आले. त्यांनी झेरॉक्समध्ये मेसा भाषेवर काम केलं होतं आणि त्या भाषेत ‘तिथूनच पुढे’ची सोय होती. त्यांचा अनुभव असा, की सुरुवातीला लोकांनी ती भरपूर वापरली. पण दहा वर्षांत एकेक जागा काढावी लागली. शेवटी एका अवाढव्य सिस्टिममध्ये तिचा एकच वापर उरला, आणि तोही गरजेचा नव्हता असं निघालं. सी प्लस प्लसने थांबण्याचा मार्ग धरला. १९९५ मध्ये जावा आली, तिनेही तेच केलं. आज कॉलेजात आपण जे ट्राय-कॅच शिकतो ते हे.

मिचेल यांचं म्हणणं मला पटतं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दुरुस्ती करून पुढे ढकलत राहिलं, तर नेमकं काय चाललंय हे कोणालाच कळेनासं होतं. पण आकडेवारीच्या कामाची तऱ्हा वेगळी आहे. तुमच्याकडे एक लाख ओळी आहेत, त्यातल्या चार खराब आहेत. हिशेब सहा तास चालणार आहे. पाचव्या तासाला एक खराब ओळ आली म्हणून सगळं मोडून घरी जायचं? नाही ना. आणि म्हणून गोष्ट आता आकडेवारीवाल्यांकडे वळते.

मरे हिल ते ऑकलंड

५ मे १९७६. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये काही लोक बसले आणि आकडेवारीसाठी एक भाषा करायचं ठरलं. जॉन चेंबर्स हे त्यातलं मुख्य नाव. ती भाषा म्हणजे एस. पुढे रिक बेकर, चेंबर्स आणि अॅलन विल्क्स यांनी १९८८ मध्ये तिच्या नव्या रूपाचं पुस्तक काढलं. त्यात दोन फंक्शनं आहेत जी आजही आपण तशीच वापरतो. स्टॉप आणि वॉर्निंग. थांब, आणि सावध राहा.

एस वापरणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असायचा. एक ओळ लिहायची, उत्तर बघायचं, पुढची ओळ. अशा माणसाला वॉर्निंग पुरते. तो वाचतो, भुवया उंचावतो, मागे जाऊन बघतो. म्हणजे वॉर्निंगच्या मागे एक गृहीतक आहे, की समोर कोणीतरी आहे. माझी स्क्रिप्ट रविवारी रात्री चालायची तेव्हा समोर कोण होतं? कोणीच नाही. यजमान झोपलेला, आणि आचारी रिकाम्या खोलीत निरोप देतोय.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी शिकवण्यासाठी एक छोटी भाषा लिहायला घेतली. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर, म्हणून भाषा आर. बाहेरून ती एससारखी दिसते. पण आतला सांगाडा स्कीम या भाषेच्या वळणाचा, आणि स्कीम म्हणजे लिस्पच्याच घराण्यातली. १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी मोफत आणि मुक्त झाली. १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली, म्हणजे तिचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा!

सुरुवातीच्या आरमध्ये चूक हाताळायला मुख्यतः ट्राय होतं. ‘हे करून बघ, फसलं तर मरू नकोस.’ एवढंच. काय फसलं, कुठे फसलं, हे संदेशाच्या वाक्यातून शोधत बसायचं.

मग आले ल्यूक टिअर्नी. हा माणूस आकडेवारीचा प्राध्यापक आणि लिस्पचा जुना भक्त. १९९० मध्ये त्यांचं लिस्प-स्टॅट नावाचं पुस्तक आलं होतं, म्हणजे लिस्पमध्येच आकडेवारी. पुढे ते आर सांभाळणाऱ्या मुख्य मंडळींत आले. त्यांनी आणि जंटलमन यांनी मिळून आरसाठी कंडिशनची नवी व्यवस्था लिहिली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती भाषेत आली. तिच्या मदतपानावर श्रेय स्पष्ट दिलंय. ट्रायकॅच हे जावासारखं, हाक ऐकणारे हँडलर कॉमन लिस्प आणि डिलन या भाषांवरून, आणि रिस्टार्ट कॉमन लिस्पवरून.

बघा, दोन्ही घराणी एका छताखाली आली. ट्रायकॅच म्हणजे आधी उतरंड मोड, मग विचार. विथकॉलिंगहँडलर्स म्हणजे उतरंड तशीच ठेव आणि विचार. आणि विथरिस्टार्ट्स म्हणजे पर्याय मांडून ठेव. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या मोठ्या भाषांत हे तिन्ही असणं दुर्मीळ आहे. आपल्यातले बहुतेक जण आरला तक्ते आणि आलेख काढायची भाषा समजतात. तिच्या पोटात लिस्प मशीनचा वारसा बसलाय, हे कोणी सांगतच नाही.

गप्प बसवण्याचं यंत्र

आता एक कडू गोष्ट. मी ज्याने वॉर्निंगचं तोंड बंद केलं ते सप्रेसवॉर्निंग्ज आतून कसं चालतं माहितीये? वॉर्निंग उठते तेव्हा आर स्वतःच तिच्यासोबत एक रिस्टार्ट देतं, मफलवॉर्निंग नावाचा. म्हणजे ‘हा निरोप पुढे नेऊ नको’. सप्रेसवॉर्निंग्ज एक हँडलर लावतं, जो प्रत्येक वॉर्निंगला डोळे झाकून तोच पर्याय निवडतो. पीएल-वनपासून इतक्या लोकांनी घाम गाळून जी निरोपव्यवस्था उभी केली, तिच्यावर मी एक यजमान बसवला, जो प्रत्येक निरोपाला ‘असू दे’ म्हणतो.

दोष यंत्राचा नाही. काही वेळा तेच हवं असतं. २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून तर फक्त अमुक जातीची वॉर्निंग दाब, बाकीच्या येऊ देत, असंही सांगता येतं. पण मी ते कारण समजून घेऊन वापरलं नव्हतं. आवाजाचा त्रास होत होता म्हणून वापरलं.

आणि हा स्वभाव माझ्या एकट्याचा नाही. आरमध्ये ‘जर’ची अट लिहिताना एका उत्तराऐवजी चुकून दहा उत्तरांची रांग दिली, तर आर बरीच वर्षं नुसती वॉर्निंग द्यायचं. पहिलंच उत्तर वापरतोय, बाकी सोडतोय. लोक दुर्लक्ष करायचे, कोड चालत राहायचा आणि चुकीचं उत्तर यायचं. शेवटी २०२२ मध्ये, ४.२.० आवृत्तीत, आर सांभाळणाऱ्यांनी ती वॉर्निंग काढून सरळ एरर केली. २०२३ च्या ४.३.० मध्ये दुहेरी ‘आणि’ व दुहेरी ‘किंवा’ या चिन्हांनाही तोच नियम लागला. ज्यांचा जुना कोड मोडला ते वैतागले असणार. पण तो कोड आधीपासूनच मोडका असण्याची शक्यता होती, फक्त कुरकुरत चालत होता. ज्या सूचनेकडे कोणी बघत नाही, ती सूचना राहत नाही. तिला एक तर गप्प करा, नाहीतर तिने थांबवायला हवं.

मी काय दुरुस्त केलं

ताईंच्या फोननंतर त्या रात्री मी सप्रेसवॉर्निंग्ज काढलं. पण नुसतं काढून भागणार नव्हतं. कारण आरची ती वॉर्निंग एवढंच सांगते, की कुठेतरी एनए आलंय. कुठल्या ओळीत, मूळ शब्द काय होता, हे ती सांगत नाही. आणि पीएल-वनसारखं ‘बदल आणि पुन्हा बघ’ असा पर्यायही तिच्यासोबत येत नाही. आचारी एवढंच म्हणतोय, ‘काहीतरी संपलंय.’

म्हणून मी स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं. ते एकेक नोंद बघतं. अंक झाला तर ठीक. नाही झाला तर स्वतःची कंडिशन उठवतं, तिच्यात गावाचं नाव, तारीख आणि मूळ मजकूर भरून. सोबत तीन रिस्टार्ट. मराठी अंक इंग्रजीत बदलून पुन्हा बघ. रिकामं ठेव, पण वहीत नोंद कर. सगळं थांबव. अंक बदलायला आरमध्ये चार्टर नावाचं तयार फंक्शन आहे, एकीकडे दहा मराठी अंक, दुसरीकडे दहा इंग्रजी, काम एका ओळीचं.

निर्णय मात्र त्या फंक्शनमध्ये नाही लिहिला. तो वर, मुख्य स्क्रिप्टमध्ये ठेवला. रविवार रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये नियम असा, की मराठी अंक असतील तर बदल, दुसरं काही असेल तर नोंद करून पुढे जा, आणि एखाद्या गावाच्या सगळ्याच नोंदी रिकाम्या निघाल्या तर तक्ता पाठवूच नको, थांब. मी स्वतः बसून तपासतो तेव्हा तेच फंक्शन, पण नियम वेगळा: पहिल्या अडचणीला थांब आणि मला दाखव. आचारी तोच, यजमान वेगळे.

आणि तक्त्यातून ओळ काढायचा तो शहाणपणा काढून टाकला. आता गावाची माहिती नसेल तर गावाचं नाव राहतं आणि समोर लिहिलेलं असतं, ‘नोंद वाचता आली नाही’. तक्ता थोडा कुरूप दिसतो. दिसू दे.

पुढच्या सोमवारी सातही गावं यादीत आली. मागच्या तीन आठवड्यांचा दुरुस्त तक्ताही पाठवला, आणि खाली लिहिलं की चूक माझ्या प्रोग्रामची होती, नोंदी ठेवणाऱ्यांची नाही. ते वाक्य लिहायला मला पूर्ण स्क्रिप्टपेक्षा जास्त वेळ लागला, खरं सांगतो. ताईंचा मेसेज आला, “ग्रामसभेत वाचून दाखवलं.” बस, एवढाच.

जाता जाता

तर मंडळी, आजच्या भागातून एकच काम करा. आर असो, पायथन असो, नाहीतर ऑफिसातली एक्सेल शीट असो, तुम्ही कुठे कुठे ‘गप्प बस’ लिहून ठेवलंय ते एकदा शोधा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, हा निरोप कोणाकडून येत होता, आणि तो न ऐकल्याने यादीतून कोण गळतंय?

तुमच्याही अशा फसलेल्या स्क्रिप्टच्या गोष्टी असतील तर नक्की कळवा. मराठी अंकांत लिहिलेल्या असल्या तरी चालतील, आता वाचता येतात. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!